कोअर अल्ट्रा २००व्ही: वेग हवा, बॅटरीही हवी

इंटेलने सप्टेंबर २०२४मध्ये हलक्या लॅपटॉपसाठी कोअर अल्ट्रा २००व्ही ही प्रोसेसर मालिका आणली. तिच्यात वेगासाठी ४ पी-कोअर आणि काटकसरीसाठी ४ ई-कोअर आहेत. एका कोअरवर एकाच वेळी दोन कामे चालवणारे हायपरथ्रेडिंग काढून टाकले आहे. काम झटपट उरकायचे आणि लगेच विश्रांती घ्यायची, अशी तिची वीज वाचवण्याची रीत आहे. ती विश्रांती मोडली की बॅटरी उतरलीच म्हणून समजा.

काय करावे

- मॉडेलचा शेवटचा आकडा पाहून खरेदी करावी. शेवटी ६ असेल तर रॅम १६ जीबी, ८ असेल तर ३२ जीबी. उदाहरणार्थ २५६व्ही आणि २५८व्ही. रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर असते, नंतर वाढवता येत नाही. लॅपटॉप बरीच वर्षे वापरायचा असेल तर ३२ जीबीच घ्यावी.
- रोजच्या कामाला विंडोजचा ‘बॅलन्स्ड’ मोड ठेवावा. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावे लागते आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. शेवटचा थोडासा वेग म्हणूनच सर्वांत महाग पडतो. व्हिडिओ एक्स्पोर्टसारख्या जड कामापुरताच, तोही चार्जर लावून, ‘बेस्ट परफॉर्मन्स’ निवडावा.
- वेगाची चाचणी अर्धा तास घ्यावी. या मालिकेतील बहुतेक मॉडेल्सची मूळ वीजमर्यादा १७ वॅट आहे. टर्बोमध्ये ती ३७ वॅटपर्यंत जाते. हा जोर किती वेळ टिकेल, हे त्या लॅपटॉपचा पंखा आणि हवेची वाट यांवर ठरते.
- व्हिडिओ कॉलमध्ये पार्श्वभूमी धूसर करायला विंडोज स्टुडिओ इफेक्ट्स वापरावेत. ते काम एनपीयू, म्हणजे एआयच्या कामांसाठीचा चिपमधला वेगळा भाग, करतो आणि कोअर मोकळे राहतात.
- बायोस आणि ड्रायव्हर अद्ययावत ठेवावेत. विजेच्या मर्यादा आणि पंख्याचे वेळापत्रक त्यांतूनच सुधारते.

काय टाळावे

- ई-कोअर बंद करू नयेत. या मालिकेत हलकी कामे आधी ई-कोअरवरच जातात आणि तेवढा वेळ पी-कोअर निवांत राहतात. ई-कोअर बंद केले की बचतीचा पायाच उखडतो.
- ‘मिनिमम प्रोसेसर स्टेट’ १०० टक्क्यांवर नेऊ नये. त्याने वेग जाणवेल इतका वाढत नाही, विश्रांती मात्र हिरावली जाते.
- स्लीपमध्ये ठेवलेला लॅपटॉप तासन्‌तास बॅगेत ठेवू नये. आजची स्लीप म्हणजे पूर्ण झोप नव्हे. नेटवर्क किंवा अपडेट मध्येच जागे करू शकतात. लांबच्या प्रवासाला हायबरनेट किंवा शट डाउनच करावे.
- गादीवर किंवा मांडीवरच्या उशीवर जड काम करू नये. तळाच्या जाळ्या बुजल्या की उष्णता कोंडते. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या मर्यादेला भिडताच चिप स्वतःच वेग उतरवते.
- फोनचा कमी वॅटचा चार्जर लावून पूर्ण वेगाची अपेक्षा धरू नये. वीज अपुरी पडली की लॅपटॉप वेगाला लगाम घालतो. सोबत आलेला चार्जर किंवा तेवढ्याच वॅटचा चांगला चार्जर वापरावा.
- ‘बॅटरी वाचवणारी’ अनोळखी अ‍ॅप्स टाकू नयेत. ती स्वतःच सतत जागी राहतात. विंडोजच्या सेटिंग्जमधली बॅटरी वापराची यादी पाहावी, सर्वांत वर दिसणारे अ‍ॅप बंद करावे आणि फरक त्याच दिवशी तपासावा.