परीक्षेद्वारे श्रेयांक : इतिहासाची तयारी

अमेरिकेतील कॉलेज बोर्डाची ‘क्लेप’ परीक्षा १९६७ पासून वर्गात न बसता पदवीचे श्रेयांक मिळविण्याची संधी देते. ‘अमेरिकेचा इतिहास, भाग १’ या विषयात ९० मिनिटांत सुमारे १२० प्रश्न असतात. त्यांपैकी सुमारे ७० टक्के १७९० ते १८७७ या कालखंडावरील असल्याने वसाहतकाळातच अभ्यास संपवू नये. केवळ सनावळी पाठ करणे पुरेसे नाही. १८२० च्या मिसूरी समझोत्याने गुलामगिरीस घातलेली सीमा १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने मोडली आणि १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, हा कार्यकारणभाव उमगला पाहिजे. चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत. सबब एकही प्रश्न सोडू नये. श्रेयांक देणे महाविद्यालयाच्या अधीन असल्याने तेथील नियम प्रथम पाहावेत. अन्यथा उत्तीर्ण होऊनही श्रम वाया जातात.