घरातले पत्ते वाटताना

प्रत्येक फोन, टीव्ही, प्रिंटर वायफायला जोडला की आधी पत्ता मागतो. पत्ते वाटायचं हे काम, म्हणजे डीएचसीपी, मी राउटरकडून काढून रास्पबेरी पायवरच्या एका डॉकर कंटेनरला दिलं. प्रिंटरला कायमचा पत्ता बांधून द्यायची सोय आमच्या राउटरमध्ये नव्हती. कंटेनरमध्ये डीएनएसमास्क चालतं. त्याला काही एमबी मेमरी पुरते.

१. नव्या यंत्राला सर्व्हर कुठे आहे हेच ठाऊक नसतं, म्हणून ते २५५.२५५.२५५.२५५ वर सगळ्या घराला हाक मारतं. ही हाक डॉकरच्या नेहमीच्या ब्रिज नेटवर्कमध्ये आत पोचत नाही. नुसतं ६७ नंबरचं पोर्ट उघडून भागत नाही. माझ्या दोन संध्याकाळी यातच गेल्या. कंटेनर सरळ होस्ट नेटवर्कवर चालवा.

२. राउटरमधलं डीएचसीपी बंद करा. वाटणारा घरात एकच हवा.

३. कोणाला कुठला पत्ता दिला, ती लीजची फाइल कंटेनरबाहेर व्हॉल्यूममध्ये ठेवा. नाहीतर नवी इमेज घेऊन कंटेनर पुन्हा उभा केला की सगळी नोंद पुसली जाते.

४. लीजच्या मुदतीचा विचार मी उशिरा केला. यंत्रं अर्धी मुदत सरली की वाढ मागतात. माझ्याकडे मुदत एक तासाची होती. एकदा सकाळी सेटिंग बदलून, सगळं चालतंय असं पाहून मी ऑफिसला निघालो. तासाभरात आईचा फोन आला, "अरे, टीव्हीवर काहीच लागत नाहीये." बदल चुकला होता आणि जुन्या लीज एकेक करून संपत होत्या. आता मुदत २४ तासांची आहे. सर्व्हर बंद पडला तरी जोडलेल्या यंत्रांना साधारण कमीत कमी १२ तास मिळतात.

५. वीज जाऊन आली की कंटेनर आपोआप उठला पाहिजे, आणि पायचा स्वतःचा पत्ता हाताने पक्का केलेला हवा. तो मागायचा कोणाकडे?

६. राउटरमागे मी एक कागद चिकटवलाय: फोनला हाताने पत्ता कसा द्यायचा, राउटरचं पान कसं उघडायचं, तिथलं डीएचसीपी कसं सुरू करायचं. पायचं मेमरी कार्ड गेलं तेव्हा मी गावी होतो. बाबांनी तो कागद वाचून सगळं चालू केलं.