इंधन-अंतःक्षेपण प्रणाली आणि भारत स्टेज निकष

भारत स्टेज निकषांवर प्रश्न आला, की विद्यार्थी तारखा अचूक लिहितात. त्या तारखांनी इंजिनात नेमके काय बदलले, हे मात्र उत्तरात क्वचितच आढळते.

एक किलो पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनासाठी सुमारे 14.7 किलो हवा लागते. जुन्या मोटारींत हे मिश्रण कार्ब्युरेटर तयार करीत असे. हवा अरुंद नळीतून वेगाने जाताना तेथील दाब घटतो आणि त्या ओढीने पेट्रोल खेचले जाते. ही रचना स्वस्त व सोपी. परंतु थंड इंजिन, घाटाची चढण किंवा अचानक वाढवलेला वेग अशा प्रसंगी मिश्रणाचे प्रमाण ढळते.

इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपणात हा निर्णय संगणकाकडे जातो. पंप पेट्रोलला ठरावीक दाबाने इंजेक्टरपर्यंत पोहोचवतो. इंजेक्टर म्हणजे विद्युतचुंबकाने उघडणारी सूक्ष्म झडप. ‘मल्टी-पॉइंट’ रचनेत प्रत्येक सिलिंडरसाठी ती स्वतंत्र असते. दाब स्थिर असल्याने झडप किती वेळ उघडी राहिली, यावरच इंधनाचे प्रमाण ठरते. हा वेळ काही सहस्रांश सेकंदांचाच असतो. आत येणारी हवा, इंजिनाचे तापमान, फेऱ्यांची गती आणि थ्रॉटलची स्थिती यांची माहिती संवेदकांकडून घेऊन नियंत्रक तो वेळ ठरवतो. शिवाय धुराच्या नळीतील ऑक्सिजन संवेदक ज्वलनानंतर किती ऑक्सिजन उरला, हे कळवतो आणि चूक लगेच दुरुस्त होते. कार्ब्युरेटरमध्ये नसलेली गोष्ट ती हीच.

एवढ्या अचूकतेची गरज प्रामुख्याने उत्प्रेरक परिवर्तकाला असते. तो कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्हींवर एकाच वेळी प्रक्रिया करतो, पण मिश्रण 14.7 च्या अगदी जवळ असेल तरच. ऑक्सिजन जास्त झाला तर नायट्रोजनची ऑक्साइडे तशीच बाहेर पडतात. कमी पडला तर उरलेले दोन वायू सुटतात.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबावे. पेट्रोलमधील शिसे हा परिवर्तक निकामी करते. म्हणूनच 1995 मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक सक्तीचा करताना शिसेविरहित पेट्रोलही उपलब्ध करावे लागले. 2000 पासून ते देशभर मिळू लागले. गंधकही परिवर्तकाची कार्यक्षमता घटवते. त्याची मर्यादा बीएस-4 मध्ये दशलक्षांश 50 भाग होती, ती बीएस-6 मध्ये 10 वर आली. म्हणजे निकष मोटारीसाठी असले, तरी निम्मे काम तेलशुद्धीकरण कारखान्यांचे होते. 2001 मध्ये नेमलेल्या माशेलकर समितीने वाहन व इंधन यांचा एकत्रित विचार केला, हे तिचे मोठे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. तरीही अनेक वर्षे महानगरांत एक निकष आणि उर्वरित देशात दुसरा, असे चालले. बीएस-4 देशभर लागू होण्यास 1 एप्रिल 2017 उजाडले.

बीएस-5 टाळून 1 एप्रिल 2020 रोजी बीएस-6 आले आणि नव्या दुचाकींतूनही कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. स्वच्छ हवेचा लाभ वाहन नसलेल्यांनाही मिळतो. वाढीव किंमत मात्र खरेदीदार मोजतो. रस्त्याकडेच्या मेकॅनिकचा भार तर कोणत्याच हिशेबात येत नाही. पूर्वी कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळून जे काम भागत असे, त्यासाठी आता त्याला स्कॅनर विकत घ्यावा लागतो आणि तो वाचायलाही शिकावे लागते.