शरीरातले घड्याळ आणि रातपाळी



आज एका अशा विषयावर चार शब्द लिहीत आहोत, ज्याची किंमत आम्हाला फार उशिरा कळली. इस्रायलला आल्यावर आम्ही बावीस वर्षे एका कारखान्यात तीन पाळ्यांत काम केले. एक आठवडा सकाळ, दुसरा आठवडा रात्र, तिसरा आठवडा दुपार, आणि पुन्हा पहिल्यापासून. रातपाळीहून आलो की पडदे ओढून झोपायचे. मुले बिचारी पाय न वाजवता घरात वावरत. त्या वेळी आमची समजूत अशी की झोप ती झोप; रात्री घेतली काय नि दुपारी घेतली काय, तास भरले की झाले.

एका सकाळी रातपाळी संपवून गाडीने घरी येताना आमचा डोळा लागला. जागे झालो तेव्हा गाडी रस्ता सोडून कडेच्या वाळूत रुतली होती. परमेश्वराची कृपा, कोणाला इजा झाली नाही. पण त्या आठवड्यात आम्ही काही कमी तास झोपलो नव्हतो. मग असे का झाले? या प्रश्नाचे उत्तर आज विज्ञानाने चांगले दिले आहे.

लाजाळूचे झाड आणि गुहेतला माणूस

आपल्या कोकणात लाजाळूचे झाड कोणी पाहिले नाही? त्याची पाने दिवसा उघडतात, रात्री मिटतात. सन १७२९ मध्ये द मेरां नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने अशाच एका झाडाला पूर्ण अंधारात ठेवले. ऊन नाही, उजेड नाही, तरी पाने आपल्या वेळेला उघडत आणि मिटत राहिली. म्हणजे झाड सूर्य पाहून चालत नव्हते. त्याच्या आतच काही तरी वेळ मोजत होते.

माणसाचे काय? सन १९६२ मध्ये मिशेल सिफ्र हा तेवीस वर्षांचा फ्रेंच तरुण आल्प्स पर्वतातील एका थंडगार गुहेत घड्याळावाचून दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर बोलावले, तेव्हा त्याच्या हिशेबाने ती २० ऑगस्ट होती! मनाची मोजणी पंचवीस दिवसांनी चुकली. पण त्याच्या झोपण्या-उठण्याच्या नोंदी तपासल्या, तर त्याचे शरीर सुमारे साडेचोवीस तासांच्या चक्राने बिनचूक चालले होते. पुढे १९९९ मध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी अधिक काटेकोर मोजमाप केले. माणसाच्या आतले घड्याळ सरासरी २४ तास ११ मिनिटांचे भरले. दिवसापेक्षा ते किंचित मोठे, म्हणून ते रोज थोडे जुळवून घ्यावे लागते. हे जुळवण्याचे काम उजेड करतो.

हे घड्याळ असते कुठे?

डोळ्यांकडून येणाऱ्या दोन नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या बरोबर वर सुमारे वीस हजार पेशींचा एक छोटा पुंजका आहे. हेच मुख्य घड्याळ. डोळ्यात काही खास पेशी असतात. त्यांचे मुख्य काम चित्र दाखवणे हे नव्हे. सकाळ झाली की रात्र, हे त्या या घड्याळाला कळवतात. म्हणूनच ज्यांना उजेडाची जाणीवच होत नाही, अशा काही अंध व्यक्तींची झोप रोज थोडी थोडी पुढे सरकत जाते.

पण घड्याळ एकच नाही. यकृत, आतडी, हृदय, स्नायू, प्रत्येकाच्या पेशीत लहान घड्याळे आहेत. सन १९७१ मध्ये सेमोर बेन्झर आणि रोनाल्ड कोनोप्का यांनी फळांवर बसणाऱ्या चिलटांत या घड्याळाचा जनुक शोधला. त्याचे कार्य उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी दाखवले की या जनुकामुळे तयार होणारे एक प्रथिन रात्री पेशीत साठत जाते, आपल्याच निर्मितीला आवर घालते आणि दिवसा झिजून जाते. मग पुन्हा साठू लागते. हीच पेशीतल्या घड्याळाची टिकटिक.

शरीराचे वेळापत्रक

झोप दोन गोष्टींनी येते. एक, जागरणाचा साठलेला थकवा. जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचे द्रव्य वाढत जाते आणि झोपेत ते उतरते. कॉफी त्याचाच परिणाम तेवढा अडवते. थकवा मात्र जागच्या जागी राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे हे घड्याळ. दिवेलागणीनंतर मेंदूतील एका ग्रंथीतून मेलाटोनिन स्रवू लागते आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली असते, आणि त्याच वेळी माणूस सर्वांत कमी सावध असतो. मग जाग येण्याआधीच कॉर्टिसोल वाढू लागते आणि शरीर उठण्याची तयारी करते.

आपल्या हैफाच्या टेक्नियॉनमधील प्राध्यापक पेरेत्झ लावी यांनी एक विलक्षण प्रयोग केला होता. लोकांना सात मिनिटे झोपायला सांगायचे, तेरा मिनिटे जागे ठेवायचे, आणि असे दिवसरात्र चालू ठेवायचे. १९८६ मध्ये त्यांनी मांडले की नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास असे असतात, की थकलेल्या माणसालाही तेव्हा झोप लागणे कठीण. नंतर एकदम झोपेचे दार उघडते. म्हणून कोणी 'उद्या पहाटे उठायचे आहे' म्हणून रात्री आठलाच अंथरुणात शिरला, तर तो कुशी बदलत राहतो. त्यात त्याचा दोष नाही.

आता आमच्या त्या गाडीचे कोडे सुटते. रातपाळीचा माणूस घरी येऊन झोपतो, तेव्हा थकवा म्हणतो 'नीज', पण घड्याळ म्हणते 'ऊठ'. म्हणून दिवसाची झोप सहसा दोन-तीन तासांनी तोकडी पडते. उलट, पहाटे काम करताना घड्याळ सतत 'नीज, नीज' म्हणत असते. झोपेचे तास भरले असे आम्हाला वाटत होते. प्रत्यक्षात अंथरुणात पडून काढलेले तासच आम्ही मोजत होतो.

त्याची किंमत

मोठे अपघातही कसे अवेळी घडले ते पाहा. अमेरिकेतील थ्री माईल आयलंडच्या अणुकेंद्राचा बिघाड २८ मार्च १९७९ रोजी पहाटे चारच्या सुमारास, भोपाळची वायुगळती २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री, चेर्नोबिलचा स्फोट २६ एप्रिल १९८६ रोजी रात्री १ वाजून २३ मिनिटांनी. प्रत्येकाची कारणे अनेक होती. सारा दोष झोपेवर टाकणे बरोबर नाही. परंतु त्या वेळी माणसाचे डोके सर्वांत मंद चालते, हेही विसरून चालणार नाही.

शरीरावरचा परिणाम हळूहळू होतो. तेच जेवण रात्री उशिरा घेतले, तर रक्तातील साखर दिवसापेक्षा जास्त चढते, कारण रात्रीच्या अन्नाला शरीर तयार नसते. वर्षानुवर्षे पाळ्या करणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकार अधिक आढळतात. आपल्या भारतीय मंडळींत मधुमेह मुळातच घरोघरी, तेव्हा आपण दुप्पट जपले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तर २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रातपाळीच्या कामाची गणना कर्करोगाच्या संभाव्य कारणांत केली.

यावर उपाय अगदीच नाही असे नाही. अमेरिकेत युटा प्रांतात एका खाऱ्या सरोवराकाठी पोटॅशचा कारखाना आहे. डिमोनाकडच्या वाचकांना पोटॅश म्हणजे काय हे सांगायला नको! तिथे कामगारांच्या पाळ्या दर आठवड्याला उलट्या क्रमाने बदलत, अगदी आमच्यासारख्या. शास्त्रज्ञांनी क्रम सुलटा केला, म्हणजे सकाळ, दुपार, मग रात्र. आणि पाळी आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी बदलू दिली. १९८२ मध्ये निकाल जाहीर झाला: कामगार अधिक समाधानी, त्यांची प्रकृती सुधारलेली आणि उत्पादनही वाढलेले. कारण सोपे आहे. आतले घड्याळ चोवीस तासांहून थोडे मोठे, म्हणून त्याला पुढे ढकलणे सोपे, मागे ओढणे कठीण. हे आम्हाला तेव्हा ठाऊक असते, तर आम्ही चौघे मिळून मुकादमाकडे गेलो असतो.

घरच्या घरी काय करावे?

१. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी आणि सकाळी अर्धा तास तरी बाहेरच्या उजेडात फिरावे. शुक्रवारी रात्री दोनपर्यंत जागून शब्बाथला अकरापर्यंत लोळणे आणि रविवारी पुन्हा सहाला उठणे, ही शरीराच्या दृष्टीने दर आठवड्याची मुंबई-इस्रायल-मुंबई फेरीच होय.

२. मुंबईला जाताना हिवाळ्यात साडेतीन तासांचा फरक पडतो. तिथे रात्री अकरा वाजले की शरीराच्या हिशेबाने साडेसातच. झोप न आल्यास घाबरू नये. तीन-चार दिवसांत घड्याळ जुळते.

३. रात्री दिवे मंद करावेत, टेलिफोनचा पडदा उशाशी नको. चहा-कॉफी दुपारनंतर बंद. तिचा अर्धा अंमल पाच-सहा तासांनीही उरतो.

४. रातपाळी असेल तर कामाआधी एक डुलकी घ्यावी, मध्यरात्रीनंतर भरपेट जेवू नये, आणि घरी झोपायची खोली काळोखी व थंड ठेवावी. पाळी संपल्यावर स्वतः गाडी चालवू नये. बस पकडावी.

५. वय वाढले की घड्याळ लवकर धावू लागते. वडीलधाऱ्यांना पहाटे चारला जाग आली तर तो आजार नव्हे. संध्याकाळी उजेडात फिरल्याने थोडा फरक पडतो. गोळ्या मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडणे, दिवसा पेंगणे असे असेल तर कुपात होलिमच्या डॉक्टरांना अवश्य सांगावे.

आमच्या पाळ्या केव्हाच संपल्या. पण आपल्या मुली आज इस्पितळांत रात्रीच्या नर्स आहेत, मुले पहारेकरी आहेत, कोणी वृद्धांच्या घरी रात्रभर बसून त्यांची सेवा करते. ती सकाळी घरी येतात तेव्हा 'दिवसाढवळ्या काय झोपतोस?' असे म्हणू नका. पडदा ओढा, टेलिफोन बाजूला ठेवा, आणि नातवंडांना म्हणा, जरा हळू. आमच्या घरी हे कोणी न सांगता मुलांनी केले होते. त्याचे मोल आम्हाला त्या वाळूत रुतलेल्या गाडीजवळ उभे असताना कळले.