नवजात बालकांचा जंतुसंसर्ग आणि आपले कर्तव्य



भांडुप येथील महानगरपालिकेच्या सावित्रीबाई फुले प्रसूतिगृहात डिसेंबर २०२१ मध्ये अवघ्या काही दिवसांत चार नवजात बालके दगावली. ‘सेप्टिक शॉक’ हे कारण पुढे आले. विधानसभेत प्रश्न गाजला. चौकशी झालीच पाहिजे. परंतु हा आजार काय आहे, हे आपल्या वस्तीतील प्रत्येक घराला कळणेही तितकेच आवश्यक आहे.

आजार कसा होतो?

जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या बाळास नवजात म्हणतात. त्याची प्रतिकारशक्ती तोकडी असते. जंतू रक्तात शिरले की सर्व शरीरात पसरतात, रक्तदाब घसरतो आणि अवयवांना रक्त मिळेनासे होते. हाच सेप्टिक शॉक. पहिल्या ७२ तासांतील संसर्ग बहुधा प्रसूतीच्या वेळी आईकडून येतो. त्यानंतरचा बहुधा अस्वच्छ हात, सलाईनच्या सुया, नळ्या व उपकरणे यांतून येतो. दिवस पूर्ण न भरलेल्या किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला धोका अधिक. म्हणजे ज्याला काचेच्या पेटीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच तेथील निष्काळजीपणा सर्वांत जास्त भोवतो.

उपाय साधा आहे

१८४७ साली व्हिएन्नात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनयुक्त पाण्याने हात धुण्यास लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजातांची काळजी व संसर्गावरील उपचार शिकविले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार त्या गावांत नवजातांचा मृत्युदर निम्म्याहून खाली आला. खेड्यात जे साधले, ते मुंबईच्या रुग्णालयात का साधू नये?

हे लक्षात ठेवा

१. बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, अंग गार पडले किंवा तापले, मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास घेऊ लागले, छाती आत ओढली गेली, झटके आले किंवा बेंबीतून पू आला, तर सकाळची वाट पाहू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.
२. जन्मानंतर तासाभरात आईचे दूध द्यावे. मध, घुटी देऊ नये. नाळेवर तेल, हळद, राख लावू नये.
३. बाळाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. भेटायला येणाऱ्यांची गर्दी टाळावी.
४. परिचारिकेस वा डॉक्टरांस “हात धुतलेत का?” असे नम्रपणे विचारणे हा पालकांचा अधिकार आहे.
५. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात आजारी नवजातावरील उपचार मोफत आहेत.

अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः पाण्याने स्वच्छ केले. रुग्णसेवेचा आरंभच स्वच्छतेपासून झाला. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाचे समर्थन केले. बाळंतिणीचा भार एकट्या कुटुंबाचा नव्हे, समाजाचाही आहे, हाच त्यामागील विचार. म्हणून विद्यार्थ्यांनी वरील पाच गोष्टी आपल्या चाळीतील प्रत्येक गरोदर भगिनीस समजावून सांगाव्यात. करुणा आचरणात आली तरच तो धम्म.

जयभीम! नमो बुद्धाय!