शेतातील टाकाऊ पदार्थ : आधी परीक्षण, मग प्रक्रिया

उसाचे पाचट, गोठ्यातील शेण, बाजारातील सडका भाजीपाला आणि कोंबड्यांची विष्ठा हे सारे सेंद्रिय पदार्थच होत. तथापि त्यांचे गुणधर्म भिन्न आहेत. त्यामुळे एका गावी यशस्वी ठरलेली पद्धत दुसऱ्या गावी तशीच उचलल्यास खड्ड्यातील कचरा कुजत नाही किंवा बायोगॅस संयंत्र बंद पडते, आणि खर्च वाया जातो. म्हणून पद्धत निवडण्यापूर्वी तीन गोष्टी तपासणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट ओलावा. १०० ग्रॅम नमुना १०५ अंश सेल्सिअस तापमानात वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा. वजनात जेवढी घट येईल, तेवढा टक्के ओलावा समजावा. ताज्या शेणात सुमारे ८० टक्के पाणी असते. कंपोस्टसाठी ५० ते ६० टक्के ओलावा योग्य होय. पदार्थ मुठीत दाबला असता हात ओला व्हावा, पण पाण्याची धार लागू नये, ही त्याची सोपी खूण.

दुसरी गोष्ट कर्ब-नत्र गुणोत्तर. कुजविणाऱ्या जिवाणूंना सुमारे ३० भाग कर्बामागे १ भाग नत्र लागते. शेणात हे प्रमाण २० ते २५, तर पाचटात १०० च्या आसपास असते. केवळ शेण मिसळून पाचटाचे गुणोत्तर ३० वर आणावयाचे, तर १ किलो वाळलेल्या पाचटास १० किलोंहून अधिक ताजे शेण लागेल. एवढे शेण बहुतेक शेतकऱ्यांजवळ नसते. म्हणूनच प्रतिटन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो जिवाणू संवर्धक वापरण्याची शिफारस केली जाते. पाचट जाळल्यास मात्र त्यातील कर्ब व बहुतांश नत्र हवेत निघून जाते.

तिसरी गोष्ट काष्ठमय भाग. तुरीच्या व कपाशीच्या पऱ्हाट्यांतील लिग्निन प्राणवायूविना जवळजवळ कुजत नाही. अशा काड्या बायोगॅस संयंत्रात घालू नयेत. त्यांचे बारीक तुकडे करून हवेशीर कंपोस्ट करावे. विटांमध्ये छिद्रे ठेवून बांधलेले नाडेप टाके त्यासाठी सोयीचे आहे. ही पद्धत यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील ना. दे. पांढरीपांडे यांनी विकसित केली.

याउलट ताज्या शेणास बायोगॅस संयंत्र उत्तम. १ किलो शेणापासून सुमारे ४० लिटर वायू मिळतो. म्हणजेच २ घनमीटर क्षमतेच्या संयंत्रास रोज ५० किलो शेण हवे. संयंत्र मंजूर करण्यापूर्वी जनावरांची संख्या नव्हे, तर गोठ्यात प्रत्यक्ष जमा होणारे शेण आठवडाभर मोजावे. कारण चरावयास गेलेल्या जनावरांचे शेण रानातच पडते. भाजीपाल्याचा कचरा एकदम घातल्यास आम्लता वाढून मिथेन निर्माण करणारे जिवाणू मंदावतात. कोंबड्यांच्या विष्ठेतील अधिक नत्रामुळे अमोनिया साचतो. म्हणून हे दोन्ही पदार्थ शेणात थोडेथोडे मिसळावेत.

गांडूळखतासाठी पदार्थ आधी अर्धवट कुजवून थंड होऊ द्यावेत, अन्यथा उष्णतेने गांडुळे मरतात.

शाळेच्या प्रयोगशाळेतील तराजू आणि गावातील पदार्थांची एक नोंदवही एवढ्यावर या परीक्षणाचा आरंभ करता येईल. ग्रामपंचायतीने ही नोंद पुढे ठेवून ठराव केल्यास निधी योग्य कामी लागेल आणि गावाची सुपीकता गावातच राहील.