चार तासांवरून दीड तासावर

अगं मने, काल फोनवर रडलीस, तेव्हापासून मला चैन नाही. नोकरी नवी, रजा मोजक्या, आणि दर पंधरा दिवसांनी अख्खा दिवस दवाखान्यात. बाबांकडून आपल्या दोघींकडे आलेला हा फॅब्रीचा आजार काही जायचा नाही. पण त्यात जाणारे तास कमी होतात गं. माझे झालेत.

तुझ्यासारखीच मी ६० किलोची. किलोला १ मिलिग्रॅम, म्हणजे ६० मिलिग्रॅम अगाल्सिडेज बीटा हे औषध, सलाईनमधून. सुरुवातीला मिनिटाला ०.२५ मिलिग्रॅमच्या वर जायचं नसतं, म्हणून चार तास. अंगाला मानवलं की पुढच्या प्रत्येक खेपेला ०.०५ ते ०.०८ने वाढवतात, बस. एवढुशा वाढीने माझे पहिल्याच पायरीला चाराचे तीन तास वीस मिनिटं झाले. आपल्या वजनाला दीड तासाच्या खाली मात्र यायचं नाही, कितीही सवय होऊ दे. तरी हिशेब कर: वर्षाला २६ खेपा, १०४ तासांचे ३९.

मी एकदा घाई केली होती. आईलाही सांगितलं नाही. लोकल गाठायची म्हणून सिस्टरांच्या मागे लागून पंप एकदम दोन पायऱ्या चढवायला लावला. अर्ध्या तासात हुडहुडी, ताप, छाती आवळल्यासारखी. सलाईन थांबवलं, आणि पुढच्या वेळी पुन्हा चार तासांपासून सुरुवात. म्हणून सांगते, वेग डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय पंपाला हात लावू देऊ नकोस. आणि घरी गेल्यावर जराशी कणकण आली, तरी पुढच्या खेपेला तोंडाने सांग. तू लपवतेस, मला ठाऊक आहे.

बराच वेळ तर सुई टोचायच्या आधीच जातो. आदल्या दिवशी फोन करून औषध आलंय का विचार. वजन गेल्या गेल्या करून घे. पाणी भरपूर पिऊन जा, शीर पटकन सापडते. कुपी फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवावी लागते. आधी घ्यायची ती तापाची गोळी तेवढ्यात होऊन जाते. कुपी हलवून फेस आणायचा नसतो, हळूच कलती फिरवायची, तेव्हा तिथे कुणाला घाई करू नकोस.

शनिवारी मी येते तुझ्याबरोबर. माझी जुनी वही आणते, प्रत्येक खेपेचा वेग आणि त्रास त्यात लिहिलाय. उरलेली पानं तुझी.